सुधारलेल्या वाक्यातला साका

आंबा कापताना माझी सुरी अजूनही क्षणभर थांबते. फळ हातात असते, देठाशी केशरी झाक असते, वास थेट डोक्यात शिरतो, साल घट्ट आणि निर्दोष असते. आणि नेमक्या या निर्दोषपणामुळेच मला शंका येते. हापूसमध्ये साका नावाचा एक दोष असतो. आतला गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस होतो, आणि बाहेरून त्याचा मागमूसही लागत नाही. डाग पडलेले फळ आपला दोष स्वतःच जाहीर करते. साका झालेले फळ कापेपर्यंत सुंदर दिसत राहते. ज्या घरात हापूस पिकतो, त्या घरात म्हणूनच कौतुकाआधी कापून पाहायची सवय असते. मला ती सवय आंब्यापुरती ठेवता आली नाही. इंग्रजीतले गुळगुळीत वाक्य समोर आले की हातात नसलेली सुरी तशीच थांबते.

यंदा आंब्याच्या काढणीला मी पुन्हा गावी, मिठबावला आहे. पडवीत वाळल्या गवताचा वास कोंदला आहे, दुपारी अंगणातली हवा तव्यावरच्या वाफेसारखी हलते, आणि संध्याकाळी समुद्राकडून वारा आला की घरातले सगळे एकदमच बोलू लागतात. शेजारच्या सायलीने काल तिचा अर्ज माझ्या फोनवर पाठवला. तिला परदेशात पुढचे शिक्षण घ्यायचे आहे. पाठोपाठ ती स्वतःच कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"ताई, फक्त इंग्लिश सुधारून दी गो. बाकी सगळा बरोबर आसा."

या 'फक्त'वर माझा विश्वास नाही. तो उडाल्याला काही वर्षे झाली, आणि तो उडाला तो असाच काढणीचा हंगाम होता.

तेव्हा मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि एका परदेशी विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज करत होते. गुण चांगले होते; पण चांगले गुण असलेल्या मुली पुष्कळ असतात. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाबांच्या बागेत केलेला साक्यावरचा प्रयोग. आमची बाग कातळावर आहे. चैत्रात हा कातळ तापतो आणि खालून फळांना झळ मारतो. झाडांच्या बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा, म्हणजे आमच्याकडच्या शब्दात पातेऱ्याचा, जाड थर पसरला तर ही झळ कमी होईल आणि साकाही कमी होईल, असे माझे गृहीतक होते. काही झाडांना पातेरा घालायचा, काहींना नाही, आणि मग दोन्हीकडची फळे कापून पाहायची. ज्या आठवड्यात पातेरा पसरला गेला, त्या आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती; ते काम बाबांनी गड्यांकडून करून घेतले. निकाल मात्र मी स्वतः, त्यांनी पडवीत आणून ठेवलेल्या दोन ढिगांतली फळे कापून पाहिला होता. पातेऱ्याच्या झाडांची फळे जवळजवळ सगळी स्वच्छ निघाली. फरक इतका मोठा होता की आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो अर्धवट. इतके सरळ उत्तर निसर्ग सहसा देत नाही.

अर्जासोबत स्वतःविषयी आणि कामाविषयी एक निवेदन इंग्रजीत लिहायचे होते. ते मी लिहिले आणि घेऊन जवळच्या जामसंड्याला अनघाताईकडे गेले.

अनघाताई आमच्या नात्यातली नाही; ती माझ्या शाळेत माझ्या बरीच पुढे होती. जगभरातल्या संशोधकांचे लेख इंग्रजीच्या दृष्टीने सुधारून देण्याचे काम ती घरी बसून करते. तिच्या खोलीत इन्व्हर्टर आहे, दोन पडदे असलेला संगणक आहे, आणि खिडकीच्या गजाला वाळत घातलेल्या मिरच्यांची माळ आहे. पाहुणा आला तरी ती वाक्य पूर्ण झाल्याशिवाय मान वर करत नाही. माझे निवेदन तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे पाहिले.

"तू अर्ज लिहिलायस, की जागेवाल्याला नारळ ठेवलायस?"

मला कळेना.

"अगो, हे गाऱ्हाणं आहे. आधी गाव, मग समुद्र, मग आईवडील, मग शाळा, मग सगळ्यांची कृपा. मागणं कुठे आहे, तर शेवटच्या चार ओळींत. आणि त्याच्याही खाली, माझ्या चुका असतील तर समजून घ्याव्यात. आता मी काय करू, व्हय म्हाराजा म्हणू?"

मी हसले, पण मनात चरकले. तिचे निदान अचूक होते. आमच्याकडे कुठलेही काम सुरू करताना जागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. घरातला कर्ता माणूस एका दमात सगळ्यांची नावे घेतो, सगळ्यांचे मान राखतो, मग हळूच मागणे मागतो, आणि अखेरीस जे चुकलेमाकले असेल ते पदरात घे म्हणतो. प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते आणि कळत्या वयात आल्यापासून त्या होकारात सामील होणे मी बंद केले होते. जे तपासलेले नाही त्याला हो का म्हणायचे, असा माझा सरळ हिशेब होता. आणि तरीही माझे इंग्रजी त्याच वळणाने गेले होते. आपली विचार करण्याची चाल आपल्याला दिसत नाही. ती परक्या भाषेत गेल्यावर दिसते.

त्या दुपारी अनघाताईने माझी वाक्ये सुधारली. पडद्यावर तांबड्या रेघा पसरत गेल्या. 'आय ॲम हॅविंग' गेले, 'माय नेटिव्ह प्लेस' गेले, 'पास्ड आउट' वर ती मनापासून हसली. "बेशुद्ध पडलीस तू कॉलेजमधून," ती म्हणाली. 'द' कुठे हवा आणि कुठे नको, हे ती माशातला काटा काढावा इतक्या सहज ठरवत होती. तोपर्यंत मला नुसते कौतुक वाटत होते. मग ती प्रयोगाच्या परिच्छेदाशी आली. मी लिहिले होते की पातेऱ्यामुळे साका कमी होत असावा असे दिसते, परंतु झाडे थोडी होती आणि हंगाम एकच होता. तिने 'असावा' काढले, 'दिसते' काढले, 'परंतु'पासूनचा सगळा भाग काढला. उरलेल्या वाक्यात एक शब्द घातला. डेमॉन्स्ट्रेटेड. म्हणजे मी ते सिद्ध करून दाखवले.

"हे जरा जास्त होतंय," मी म्हटले.

"जास्त नाही, नीट होतंय. निवड करणारी माणसं एका दुपारी अर्जांची चळत वाचतात. तुझ्या शंका त्यांना कशाला? त्यांच्या स्वतःच्या त्यांना पुष्कळ असतात."

मी ते वाक्य पुन्हा वाचले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ते ताठ होते, सुबक होते, कुठल्याही चांगल्या नियतकालिकात शोभले असते. आणि ते माझे नव्हते. माझ्या वाक्याचे जे कापून टाकले होते ते अशुद्ध इंग्रजी नव्हते. ती मोजमापाची मर्यादा होती. भाषा सुधारता सुधारता माहिती सुधारली गेली होती. आणि हे इतक्या सफाईने झाले होते की माझ्याऐवजी दुसरे कोणी वाचते तर त्याला तिथे काही होते हेसुद्धा कळले नसते.

तरीही मी तो सुधारलेला मजकूर घेऊन घरी आले. घरी येताना तो मला आवडू लागला होता, हे सर्वांत संशयास्पद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पेट्या भरणे चालले होते. बाबा गवताचा थर देत होते, मी फळे निवडत होते. आमच्या बाबांना इंग्रजी वाचता येते, पण त्यांना ते ऐकायला अधिक आवडते. मुलगी इंग्रजीत काय म्हणते यापेक्षा ती इंग्रजीत म्हणते याचे त्यांना अप्रूप. मी प्रयोगाचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

"बरा वाटता. आता आपल्या भाषेत सांग बघूया, काय लिवलंस ता."

मी फळ खाली ठेवले आणि म्हटले, "पातेरो घातलो की साको कमी होता, ह्या मी सिद्ध करून दाखवलंय."

इंग्रजीत जे वाक्य सुबक वाटत होते ते मालवणीत उच्चारताच माझे मलाच दांडगे वाटले. बाबांचा हात पेटीवर थांबला.

"ता सिद्ध कित्याक करूक होया? त्या झाडांक साको गावताच खंय!"

"कुठल्या झाडांक?"

"तुज्या पातेऱ्याच्या. ती व्हाळाकडची, आज्यान लावलेली. थंय मातयेचो थर जाड आसा, सावळी आसा. इतक्या वर्सांत त्या फळात मी साको बघूक नाय."

"बाबा, मगे पातेरो त्याच झाडांक कित्याक घातलास?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच काहीतरी विचित्र विचारले होते.

"अगो, तुज्या नावान काम करूचा तर वायट झाडा देव काय? उद्या परीक्षेत चेडवाची फजिती झाली असती मगे? काळजी घेवक होयी ना!"

आमच्या घरात मुलीच्या नावाने काही काढायचे तर उत्तम तेच काढायचे, हा रिवाज आहे. माहेरवाशिणीची पेटी भरताना एकसारखी फळे निवडतात, पाहुण्याच्या पानात पहिली फोड कोयीपासून लांबची वाढतात. बाबांनी माझ्या प्रयोगालाही तशीच पेटी भरून दिली होती. त्यात लबाडी नव्हती. असती तर मला ती हाताळता आली असती. लबाडी शोधण्याच्या पद्धती विज्ञानाकडे आहेत. मायेसाठी कुठलीही चाचणी मी शिकले नव्हते.

मला राग आला. तो मी त्यांच्यावर काढलाही. "सगळो प्रयोग फुकट गेलो," असे म्हणून मी उठले. मागून बाबा गड्याला सांगत होते, "बरी झाडा दिली तरी तरास, वायट दिली असती तरी तरास." त्या दिवशी जेवताना आम्ही फक्त मिठाविषयी बोललो.

अर्जाची मुदत आठवड्यावर आली होती. मी विचार करत होते तो असा. सुधारलेले वाक्य तसेच ठेवले तर कोणाला कळण्याचा संभव जवळजवळ शून्य. ती झाडे कोणती, हे मिठबावच्या बाहेर कोणाला ठाऊक असणार? आणि वाक्य काढले तर अर्जात माझे असे काहीच उरत नव्हते. हे गणित मी अनेकदा मांडले आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आले: वाक्य ठेवावे. उत्तर इतक्या एकमताने येऊ लागले तेव्हा मी त्याच्यावरही संशय घेतला. व्हाळाकडच्या, त्या ओढ्याकाठच्या झाडांचे उत्तरही असेच सरळ आले होते.

मी परत जामसंड्याला गेले. अनघाताईने सगळे ऐकून घेतले. मधेच तिला हसू आले आणि तिने ते आवरले नाही.

"म्हणजे तुझ्या बाबांनी प्रयोगाची ओटी भरली. मग प्रयोग गेला?"

"प्रयोग गेला नाही. निष्कर्ष गेला."

"मग तो परिच्छेद काढून टाक."

"काढल्यावर उरतं काय?"

तिने पडद्याकडे पाहिले. "उत्तम इंग्रजी," ती म्हणाली. "पण ते माझं आहे."

मी तिच्यापुढे नवा परिच्छेद ठेवला. तो मी आधी मालवणीत मनाशी म्हणून पाहिला होता आणि मग इंग्रजीत लिहिला होता. त्याचा आशय असा होता: पातेरा घातलेली झाडे माझ्या वडिलांनी निवडली. मला यश मिळावे अशी त्यांची इच्छा असल्यामुळे त्यांनी मुळातच निरोगी झाडे निवडली. त्यामुळे पातेऱ्याने साका कमी होतो की नाही, हे मला अजून माहीत नाही. हे कसे शोधायचे ते शिकण्यासाठी मला तुमच्याकडे यायचे आहे.

तिने ते दोनदा वाचले. खिडकीतल्या मिरच्या वाऱ्याने खुळखुळल्या.

"शेवटी चुकलंमाकलं पदरात घे, म्हाराजा, आलंच की," ती म्हणाली. मग खुर्ची संगणकाकडे ओढून, "व्याकरणाच्या चुका आहेत, त्या काढते. बाकीच्याला हात लावत नाही. पण नकार आला तर माझ्या दारात रडायला यायचं नाही. आल्यास चहा मिळेल, सहानुभूती मिळणार नाही."

त्या दिवशी तिने फक्त व्याकरण सुधारले, आणि मी तिच्या मागे उभी राहून प्रत्येक तांबडी रेघ कुठे पडते ते पाहत होते. "राखण करतेस काय?" तिने विचारले. मी हो म्हटले.

मुलाखत पडद्यावर झाली, तीही तिच्याच खोलीत, कारण आमच्याकडे वीज आणि नेटवर्क यांचे एकमत क्वचितच होते. समोर तीन चेहरे होते. दोघांनी पद्धतींविषयी विचारले. तिसऱ्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "हे तुम्ही आम्हाला सांगितलंय, हे तुमच्या वडिलांना माहीत आहे का?"

"हो," मी म्हटले. "ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत."

त्या हसल्या. पुढच्या वेळी झाडे कशी निवडाल, असे त्यांनी विचारले. चिठ्ठ्या टाकून, मी सांगितले. हे झाड वडिलांच्या पसंतीचे, ते माझ्या, असे काही राहता कामा नये.

माझी निवड झाली. का झाली, हे मला ठाऊक नाही. अनघाताईचे मत असे की तिने जागेवर बसवलेल्या 'द' आणि 'अ' मुळे झाली. बाबांचे मत असे की त्यांनी जागेवाल्याला ठेवलेल्या नारळामुळे झाली. त्या एका परिच्छेदामुळे झाली, असे मला वाटावे हे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच मी ते मानत नाही. एक अर्ज, एक निकाल. तुलनेला सुधारलेल्या वाक्याचा दुसरा अर्ज कोणी पाठवलेला नाही. खरे बोलण्याचे फळ मिळाले, अशी गोष्ट मला सांगता आली असती. ती सुबक झाली असती. मला ती नको आहे. मी एवढेच सांगू शकते की मुलाखतीत मला जे विचारले गेले त्याचे उत्तर मला माहीत होते.

आता संगणक स्वतःच वाक्ये सुधारतो. 'असावे', 'कदाचित', 'बहुधा' यांच्याखाली तो रेघ ओढतो आणि अधिक ठामपणे लिहा म्हणून सुचवतो. त्याने झाडे पाहिलेली नसतात. अनघाताईनेही पाहिलेली नव्हती, पण तिला निदान विचारता येत होते, आणि ती मला उलट विचारत होती. सायलीचा अर्ज अशा यंत्रातून आधीच जाऊन आलेला असावा. त्यात एकही चूक नाही. मासे सुकवण्याच्या पद्धतींवर तिने कॉलेजात प्रकल्प केला आहे आणि त्यात तिने, तिच्या वाक्यानुसार, क्रांतिकारक बदल घडवून आणला आहे.

आज सकाळी मी तिला बोलावले. "ह्या वाक्यात तू स्वतः काय केलंस ता माका मालवणीत सांग."

ती अडखळली, हसली, म्हणाली, "ताई, आमी माश्यार जाळी घातली. माशी बसाक नाय."

"मगे ताच लिव. इंग्लिश मी बघतंय."

"पण ता लय बारीक वाटता गो."

"बारीक आसा ना? मगे बारीक दिसांदे."

ती फारशी समाधानी होऊन गेली नाही. तिच्या जागी मीही झाले नसते.

यंदा इथे आले आहे तीही पातेऱ्यासाठीच. विद्यापीठाने तोच प्रश्न मला नीट विचारायला परत पाठवले आहे. पातेरा पसरण्याआधी मी सगळ्या झाडांच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या काढायला बाबांनाच बसवले. त्यांनी आधी हातपाय धुतले. "म्हणजे देवाक कौल लावतो तसाच मा ह्या?" त्यांनी विचारले. फरक समजावून सांगावा असे क्षणभर वाटले. पण ज्या उत्तरात आपली इच्छा मिसळायची नाही ते उत्तर घेण्याची पद्धत त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होती. पहिलीच चिठ्ठी निघाली ती कातळाच्या टोकावरच्या रडक्या झाडाची. बाबांचा चेहरा पडला.

"ह्या झाडाक पातेरो? ह्येच्या प्रत्येक फळात साको. तुजी फजिती होतली गो."

"होवंदे."

तेव्हापासून ते त्या झाडावरून जाताना दुसरीकडे पाहतात. आणि मी रोज संध्याकाळी बागेत चक्कर मारून पातेरा कुठे सरकला तर नाही ना, हे पाहते. बाबांनाही ते माहीत आहे.

आज पहिली काढणी होती. फळे उतरवायचे झेले झाडाला टेकवून ठेवले होते, गडी उभे होते, बागेच्या कोपऱ्यावरच्या दगडापुढे नारळ ठेवला होता. बाबांनी हात जोडले. गाव, समुद्र, पूर्वज, गाय, गडी, सगळ्यांची नावे झाली, सगळ्यांना "व्हय म्हाराजा" मिळाले. मी नेहमीसारखी गप्प उभी होते.

"तर म्हाराजा, ह्या चेडवान जा काम हातात घेतलेला आसा, तेका येस दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि येस देवचा नसात तर नको दी, पण जा काय आसा ता तिका खरा दिसांदे म्हाराजा."

गडी जरा चमकले. हे वाक्य गाऱ्हाण्यात पूर्वी नव्हते. "व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या वर्सा मी एका पानाक हात लावूक नाय, ता तू बघलंस म्हाराजा."

गड्यांना हसू फुटले, त्यातच त्यांनी होकार दिला. मी मान वळवली. व्हाळाकडच्या ज्या झाडांची चिठ्ठी निघाली नव्हती, त्यांच्याखाली माती उघडी होती. कातळाच्या टोकावर, रडक्या झाडाच्या बुंध्याशी, पातेरा जाड आणि जसाच्या तसा होता. मी एकेक झाड नजरेखालून घातले, शेवटच्या झाडापर्यंत.

मग सगळ्यांच्या मागून, जरा उशिराच, मी म्हटले, "व्हय म्हाराजा."